नॉर्वेत पहिलं वर्ष कसं काढावं: नव्याने येणाऱ्यांसाठी

नोकरीसाठी, शिकायला किंवा जोडीदाराच्या मागोमाग नॉर्वेला येणाऱ्या मराठी मंडळींचे प्रश्न ठरलेले असतात. थंडी किती, खर्च किती, शाकाहारी खायला मिळतं का. कपडे नीट असले तर थंडी सोसते, खर्च ऐकलाय त्याहून जास्त होतो, आणि शाकाहारी मिळतं पण घरी रांधावं लागतं. सहा-आठ महिने राहिल्यावर मात्र वेगळंच काहीतरी डोकं खातं: एकाही नॉर्वेजियन घरात आपलं पाऊल कसं पडलं नाही? मग ‘ही माणसं थंडच’ असं ठरवून आपली मंडळी आपापल्या व्हॉट्सॲप गटात रमतात.

इथली माणसं गप्पा मारायला फारशी बोलावत नाहीत, पण काहीतरी करायला बोलावतात: अंगणातली पानं गोळा करायला, डोंगर चढायला, बर्फ उपसायला. त्या कामाला गेलात की ओळख आपोआप होते. म्हणून आधी कागदपत्रं मार्गी लावायची आणि मग अशा प्रत्येक आमंत्रणाला ‘हो’ म्हणायचं, या क्रमाने लिहिते आहे.

## १. निघण्याआधी: कागद आणि बॅग

राहण्याच्या परवान्याचा निर्णय यूडीआय हे सरकारी खातं घेतं. भारतात अर्जाची कागदपत्रं व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यायची असतात. कोणत्या परवान्याला काय लागतं याची यादी यूडीआयच्या संकेतस्थळावर आहे, एजंटाची गरज नाही. आल्यावर पुन्हा पुन्हा लागतात ते कागद असे:

- पासपोर्ट आणि परवाना मंजूर झाल्याचं पत्र
- नोकरीचा करार किंवा विद्यापीठाचं प्रवेशपत्र
- लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले, अपोस्टिल करून
- पदवी प्रमाणपत्रं आणि गुणपत्रिका
- मुलांचं लसीकरणाचं पुस्तक, त्याचं इंग्रजी भाषांतर असल्यास उत्तम
- चालू असलेल्या औषधांची डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी

अपोस्टिलला वेळ लागतो. आधी राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. तिकीट काढायच्या आधीच हे काम सुरू करा, इथून ते करणं फार जिकिरीचं होतं.

आपल्याकडच्या नावांचा एक घोळ असतो, तोही निघण्याआधीच निस्तरा. पासपोर्टवर आपल्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव, पदवीवर तिसरंच काहीतरी. नॉर्वेच्या लोकसंख्या नोंदवहीत पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं जातं आणि पुढे बँकेपासून दवाखान्यापर्यंत तेच चालतं. कागद एकमेकांशी जुळत नसतील तर तसं प्रतिज्ञापत्र करून घ्या.

बॅगेत डाळी, मसाले, कुकरची जादा रिंग आणि शिट्टी बिनधास्त घ्या. तूप, पेढे, बर्फी, पनीर मात्र नको. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे, आईने कितीही प्रेमाने डबा भरून दिला तरी. जाड जॅकेटही पुण्या-मुंबईतून घेऊ नका. तिथलं ‘हिवाळी’ जॅकेट इथल्या ऑक्टोबरपुरतं असतं.

## २. पहिले काही आठवडे: क्रम चुकवू नका

इथे प्रत्येक दार आधीच्या दाराच्या किल्लीने उघडतं, त्यामुळे क्रमाला महत्त्व आहे.

पोलीस. पोहोचल्यावर सात दिवसांच्या आत पोलिसांकडे नोंद करायची आणि बोटांचे ठसे देऊन रहिवासी कार्ड घ्यायचं. भेटीची वेळ ऑनलाइन मिळते आणि मोठ्या शहरांत ती लवकर भरते. ती भारतातूनच ठरवून ठेवा. ओस्लो, बर्गन, स्टावांगर, ट्रोन्हाइम अशा शहरांत परदेशी नोकरदारांसाठी एसयूए नावाची केंद्रं आहेत. पोलीस आणि कर खातं तिथे एकाच छताखाली भेटतात.

क्रमांक. सहा महिन्यांहून जास्त राहणार असाल तर कर खात्याकडे स्थलांतराची नोंद करून अकरा आकडी राष्ट्रीय क्रमांक मिळवायचा. कमी राहणाऱ्यांना तात्पुरता डी-नंबर मिळतो. ओळख तपासणीला मुलांसकट सगळ्या कुटुंबाला जातीने हजर राहावं लागतं.

कर कार्ड. ‘स्कात्तेकोर्त’ हातात नसेल तर कंपनीला तुमच्या पगारातून सरसकट ५० टक्के कर कापावा लागतो. नंतर जास्तीचे पैसे परत मिळतात, पण पहिल्याच महिन्यात घरभाडं भरताना नाकी नऊ येतात. परदेशातून नव्याने आलेल्या नोकरदारांना पहिल्या वर्षी बहुधा २५ टक्क्यांची एकरकमी योजना लागू होते. तिच्यात वजावटी मिळत नाहीत. घरात मुलं असतील किंवा मोठं कर्ज असेल तर नेहमीची पद्धत फायद्याची पडते का, याचा हिशेब करून मगच ठरवा.

बँक, बँकआयडी, विप्स. क्रमांक मिळाल्यावर बँक खातं, खात्यावर बँकआयडी (ऑनलाइन ओळख पटवायची सोय), आणि मग फोनवर विप्स. बँकआयडीशिवाय या देशात तुम्ही जवळजवळ अदृश्य असता. भाडेकरार, डॉक्टर, कर, शाळा, सगळीकडे त्यानेच आत जायचं. विप्स म्हणजे इथलं यूपीआय: शाळेच्या मैदानावर वाफल विकणारी पोरंही विप्स क्रमांकाची पाटी लावून बसतात. हे सगळं जुळेपर्यंत अनेक आठवडे जातात, तेवढे दिवस चालतील इतके पैसे भारतातल्या आंतरराष्ट्रीय कार्डावर ठेवा. रोख नोटा फारशा कुणी वापरत नाही.

टपालपेटी. हे कुणी आधी सांगत नाही. पेटीवर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो. आणि महत्त्वाचे कागद पत्रानेच येतात. किल्ली मिळाली की पहिलं काम म्हणजे घरातल्या सगळ्यांची नावं कागदावर लिहून पेटीला चिकटवणं.

क्षयरोग चाचणी. भारतातून तीन महिन्यांहून जास्त काळासाठी येणाऱ्यांना ती सक्तीची आहे. बोलावणं आलं की घाबरू नका, सगळ्यांना येतं.

डॉक्टर. नोंदणी झाली की हेल्सेनोर्गे या संकेतस्थळावरून कायमचा डॉक्टर निवडता येतो, त्याला फास्तलेगे म्हणतात. घराजवळचे भरलेले असले तर प्रतीक्षा यादीत नाव घाला. रात्री-अपरात्री दवाखान्यासाठी ११६११७, जिवावर बेतलं तर ११३. सर्दी-तापाला अँटिबायोटिक मिळेल ही आशा सोडा. पॅरासिटामॉल, पाणी आणि विश्रांती, एवढंच सांगून घरी पाठवतात.

## ३. घर: अनामत रक्कम कुठे जाते ते पाहा

घरं मुख्यतः फिन आणि हिबल या संकेतस्थळांवर सापडतात. अनामत बहुधा तीन महिन्यांच्या भाड्याइतकी असते. कायद्याने सहा महिन्यांच्या वर मागता येत नाही. ही रक्कम तुमच्या नावाच्या वेगळ्या, बंद खात्यात बँकेत राहते. मालकाच्या स्वतःच्या खात्यात ती कधीही भरायची नाही, आणि ते खातं उघडायचा खर्चही मालकाचाच. ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असं कुणी म्हटलं की संभाषण तिथेच थांबवा. आलिशान फोटो, मध्यवर्ती जागा आणि स्वस्त भाडं एकत्र दिसलं तर ती जाहिरात खोटी समजावी.

वीज भाड्यात धरली आहे का, हे करारात वाचा. घर विजेवर तापवायचं असेल तर जानेवारीचं बिल पाहून घाम फुटतो. घर ताब्यात घेताना प्रत्येक भिंतीचे, शेगडीचे, फरशीचे फोटो काढून मालकाला ईमेलने पाठवा.

आणि फोडणी. प्रत्येक घरात धुराचा अलार्म असतो. विद्यार्थी वसतिगृहांत आणि काही इमारतींत तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. मोहरी-हिंग तडतडले, मिरच्यांचा ठसका उठला की सगळी इमारत मोज्यांवर खाली उभी, आणि गाडी फुकट आल्याचा भुर्दंड कधीकधी तुमच्यावर. आधी एक्झॉस्ट पूर्ण वेगाने लावा, स्वयंपाकघराचं दार बंद करा, मग तेल तापवा. अलार्म काढून ठेवणे हा उपाय नव्हे, तो बेकायदा आहे.

सामान नवं घेऊ नका. वसंतात आणि शरदात शाळांची बँड पथकं ‘लोप्पेमार्केद’ भरवतात. गावातल्या घराघरातून आलेल्या वस्तू तिथे मातीमोल किमतीत विकतात आणि पैसे मुलांच्या वाद्यांना जातात. दिवे, पातेली, स्की, लोकरीचे स्वेटर सगळं मिळतं. शेवटच्या तासाला पिशवीभर वस्तू एकाच किमतीत देऊन टाकतात.

## ४. दुकान, रविवार आणि तपकिरी चीज

रविवारी किराणा दुकानं बंद. लहान आकाराच्या काही दुकानांना उघडायची मुभा आहे, पण तिथे भाव चढे आणि माल कमी. ईस्टरच्या आठवड्यात एकामागून एक सुट्ट्या येतात, तेव्हा आधीच भरून ठेवा. रेमा १०००, किवी आणि एक्स्ट्रा ही त्यातल्या त्यात स्वस्त दुकानं. कोथिंबीर, भेंडी, तूरडाळ, कढीपत्ता हवा तर ओस्लोत ग्रन्लांद भागातली परदेशी किराणा दुकानं गाठा.

तूप घरीच कढवावं लागतं. लोणी घेताना पाकिटावर बिनमिठाचं म्हणजे ‘उसाल्तेत’ लिहिलंय ना, ते पाहा. साधं लोणी खारट असतं आणि त्याचं तूप टाकून द्यावं लागतं. कढीसाठी ‘कुल्तुरमेल्क’ आणा, हे आंबवलेलं दूध चांगलं दाट असतं.

बाटल्या-कॅन फेकू नका. प्रत्येक बाटलीवर दोन किंवा तीन क्रोनर अनामत असते. दुकानातल्या यंत्रात रिकाम्या बाटल्या सरकवल्या की पावती मिळते, ती काउंटरवर वळती करायची.

बिअर दुकानात मिळते ती ४.७ टक्क्यांपर्यंतची, आणि सोमवार ते शुक्रवार रात्री आठपर्यंत, शनिवारी सहापर्यंतच. त्याहून कडक काहीही हवं तर ‘विनमोनोपोलेत’ हे सरकारी दुकान. गाडी चालवणार असाल तर एकही घोट नको. मर्यादा रक्तात ०.२ प्रोमिल, म्हणजे हजारात ०.२ भाग अल्कोहोलची आहे आणि दंड पगाराच्या प्रमाणात बसतो. भारतीय लायसन्स राहायला आल्यापासून तीन महिने चालतं, हेही लक्षात ठेवा.

‘ब्रुनुस्त’ नावाचं तपकिरी चीज चाखून पाहाच. दुधातलं निवळ पाणी आटवून आटवून ते करतात. रंग आणि चव दोन्ही कंदी पेढ्याची आठवण करून देतात, फक्त मागाहून किंचित खारट लागतं. सुरीने नव्हे, खास किसणीसारख्या पात्याने पातळ काप काढायचा आणि गरम वाफलवर जॅमबरोबर ठेवायचा. १८६३ च्या सुमारास गुदब्रांस्दालेनच्या खोऱ्यात आन्ने होव्ह या शेतकरी बाईने त्यात साय घालून आजची चव आणली. आपली माणसं पहिल्यांदा नाक मुरडतात आणि महिन्याभरात स्वतःच पाकीट आणतात.

## ५. ऑफिस: डबा अकराला, घर चारला

सगळ्यांना नावाने हाक मारायची. विभागप्रमुखाला ‘सर’ म्हटलंत तर त्याला अवघडल्यासारखं होतं. बैठकीत मत विचारलं की खरं मत सांगायचं. साहेबाचं ऐकून मान डोलावली तर इथे त्याचा अर्थ ‘याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही’ असा घेतात. मात्र स्वतःची बढाई नको. ‘हे मी एकट्याने केलं’ हे वाक्य इथे पचत नाही.

जेवण अकरा-साडेअकराला. डब्यात पावाचे दोन-तीन काप, त्यांवर चीज, लिव्हरची पेस्ट किंवा टोमॅटोतली मॅकरेल मासळी, आणि काप एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये चौकोनी कागद. वीस-तीस मिनिटांत आटोपतं. तुमची पोळी-भाजी तुम्ही खुशाल न्या, पण त्याच टेबलावर त्याच वेळी बसा. आठवड्यात कुणी कुठे ‘तूर’ला (रानावनात पायी भटकायला) जाणार, कुणाच्या ‘हित्ते’चं (सुट्टीत राहायच्या केबिनचं) छप्पर गळतंय, हे सगळं त्या अर्ध्या तासात कळतं. काम असल्याचं सांगून टेबल टाळणारा माणूस सहाव्या महिन्यातही पाहुणाच राहतो.

चारच्या सुमारास सगळे घरी. मूल आजारी म्हणून रजा घेणं ही पालकांची हक्काची रजा आहे, दर पालकाला वर्षाला दहा दिवस. बाबालोक ती बिनदिक्कत घेतात. तुम्हीही घ्या, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही.

एक आर्थिक खाच. सुट्टीच्या काळात नेहमीचा पगार मिळत नाही. त्याऐवजी मागच्या वर्षीच्या कमाईवर साठलेले ‘फेरियेपेंगेर’ मिळतात, बहुधा जूनमध्ये. मागच्या वर्षी तुम्ही नॉर्वेत नव्हता, म्हणजे पहिल्या उन्हाळ्याची सुट्टी बिनपगारी. भारतवारीची तिकिटं त्याच महिन्यात काढणार असाल तर वर्षाच्या सुरुवातीपासून बाजूला टाकत राहा. काही कंपन्या पहिल्या वर्षी सवलत देतात, करार करतानाच विचारा.

## ६. शेजारी: दुग्नादची चिठ्ठी

जिन्यात भेटलेला शेजारी खाली बघून निघून जातो. बसमध्ये दोनांच्या बाकावर एकटा बसलेला माणूस दिसला तर लोक उभं राहणं पसंत करतात. हे वैर नसून समोरच्याला त्रास न देण्याची त्यांची पद्धत आहे. त्याच हिशेबाने रविवारी ड्रिल चालवायचं नाही, तळघरातल्या सामायिक धुलाईखोलीत दुसऱ्याची वेळ घ्यायची नाही, आणि न कळवता कुणाच्या दारात उभं राहायचं नाही.

मग एप्रिलच्या शेवटी जिन्यात एक कागद लागतो: अमुक वारी, अमुक वाजता ‘वॉरदुग्नाद’. म्हणजे इमारतीतल्या सगळ्यांनी मिळून अंगण साफ करायचं. आमच्या इमारतीत हिवाळाभर निसरड्यावर टाकलेली बारीक खडी आधी झाडून काढतात, मग पानं, मग बाकांना रंग. तीन मजले वर राहणारे आजोबा, ज्यांनी तोपर्यंत मान वर करून पाहिलं नव्हतं, त्यांनी माझ्या हातात एक दाताळं दिलं, दुसरं स्वतः घेतलं आणि कोपऱ्याकडे चालू लागले. तासाभरात मला कळलं की खडी वेगळ्या ढिगात टाकायची, कारण ती पुढच्या वर्षी पुन्हा वापरतात. लिलॅकचं झुडूप त्यांच्या बायकोने लावलं होतं, म्हणून त्याला कात्री फक्त तेच लावतात. आणि सायकलींच्या खोलीची जादा किल्ली कुणाकडे असते तेही समजलं. शेवटी ग्रिलवर सॉसेज, थर्मासातली कॉफी, वाफल. आता ते आजोबा जिन्यात थांबून हवामानावर बोलतात.

दुग्नाद चुकवू नका. येणं जमत नसेल तर आधी सांगा आणि नंतर एखादं काम स्वतःहून मागून घ्या. शाळा, फुटबॉल क्लब, बँड पथक, सगळे याच पद्धतीने चालतात. दोन केक भाजून नेलेत तरी नोंद घेतली जाते. आपल्या रव्याच्या केकला बरी मागणी असते.

कुणी घरी बोलावलंच तर वेळेवर पोहोचा, बूट दारात काढा (हे आपल्याला शिकवावं लागत नाही) आणि हिवाळ्यात पायात घालायला लोकरी मोजे न्या. ग्रिलचं आमंत्रण असेल तर आपल्याला खायचं-प्यायचं ते आपण न्यायचं, हा रिवाज आहे. शाकाहारी असाल तर ही सोयच म्हणायची. नंतर भेट झाली की ‘ताक फोर सिस्त’ म्हणायला विसरू नका, मागच्या भेटीबद्दल आभार.

## ७. तूर: इथून खरा नॉर्वे सुरू होतो

बाकी सगळं उरकतं घेतलंत तरी चालेल, हा टप्पा मात्र घाईत उरकू नका. रविवारी दुकानं बंद असतात तेव्हा हा देश रानात असतो. ओस्लोत असाल तर टी-बानेने, म्हणजे मेट्रोने, सोग्न्सवान या शेवटच्या स्टेशनावर उतरा. तळ्याभोवती सपाट वाट आहे, मुलांच्या गाड्याही जातात. पुढच्या रविवारी तिथूनच रानातून उल्लेवोलसेतेरला चाला, तिथे दालचिनीचे बन मिळतात. रानात भेटणारी माणसं बसमधल्यासारखी नसतात. वाटेवर प्रत्येकजण ‘हाय’ म्हणतो, तुम्हीही म्हणा.

फिरण्याचा हक्क. १९५७ च्या कायद्याने पडीक आणि रानातल्या जमिनीवर, ती खासगी असली तरी, कुणालाही चालता-राहता येतं. तंबू घरांपासून किमान १५० मीटर दूर, आणि एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचं तर मालकाची परवानगी. पेरलेल्या शेतात पाऊल नको. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर रानात वा रानाजवळ शेकोटीला बंदी. बेरी-आळंबी वेचायला मुभा आहे, पण चांगली जागा कुठे आहे ते विचारू नका. ते गुपित नॉर्वेजियन माणूस सख्ख्या मेहुण्यालाही सांगत नाही.

डीएनटीचं सदस्यत्व. १८६८ पासून चालणारी ही गिर्यारोहकांची संस्था. देशभर पाचशेहून जास्त केबिन आणि दगडांवर रंगवलेल्या लाल टी खुणांच्या वाटा तिच्या. केबिन तीन तऱ्हांच्या: जेवण वाढणाऱ्या, कोठीत धान्य ठेवलेल्या पण माणूस नसलेल्या, आणि नुसत्याच. मधली तऱ्हा एकदा तरी अनुभवा. सदस्यांना अनामत घेऊन बहुतेक ठिकाणी चालणारी एक किल्ली मिळते. तुम्ही दार उघडता, चूल पेटवता, ओढ्यातून पाणी आणता, फळीवरून वाटाण्याच्या सुपाचं पाकीट घेता, नोंदवहीत नाव आणि काय घेतलं ते लिहिता आणि पैसे भरता. तपासायला कुणीही नसतं. निघताना लादी पुसायची, भांडी घासायची, राख बाहेर टाकायची आणि पुढच्या माणसासाठी लाकडं फोडून पेटी भरून ठेवायची. झोपायला आपली चादरपिशवी आणावी लागते. सह्याद्रीत गडकिल्ले फिरलेल्यांना चालणं जड जात नाही. जड जातं ते हवामान.

हवामान. ‘यिर’ हे हवामान खात्याचं ॲप उघडल्याशिवाय घर सोडू नका. जूनमध्येही उंचावर बर्फ असतो, प्रेइकेस्तोलेनसारख्या प्रसिद्ध ६०४ मीटर उंच कड्यावर धुक्यात काही दिसत नाही, आणि त्रोलतुंगा या दुसऱ्या प्रसिद्ध कड्याची वाट पूर्ण दिवस खाते. डोंगरात वागण्याचे नऊ नियम इथे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. त्यातला आठवा सांगतो की वेळेत मागे फिरा, त्यात लाज नाही. लांबून आलोय, सुट्टी एकच आहे, म्हणून रेटत जाणारे पर्यटकच बचाव पथकाला बोलवायची वेळ आणतात.

कापसाचे कपडे डोंगरात नकोत. आत लोकर, वर वारा-पाऊस अडवणारं. पाठपिशवीत जादा मोजे, थर्मास, संत्रं आणि ‘क्विक लुंश’ चॉकलेट. महागडी सामग्री विकत घेण्याआधी गावात ‘बीयूए’चं केंद्र आहे का पाहा. स्की, स्लेज, तंबू तिथे फुकट उसने मिळतात.

## ८. हिवाळा

डिसेंबरात ओस्लोत सकाळी नऊनंतर उजाडतं आणि साडेतीनच्या आत सूर्य मावळलेला असतो. त्रोम्सोत तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो क्षितिजावर येतच नाही. व्हिटॅमिन डी सुरू करा. इथले लोक चमचाभर कॉड माशाचं तेल घेतात, शाकाहारींनी गोळ्या घ्याव्यात. बुटांना अडकवायचे काटे, ‘ब्रोद्देर’, पहिल्या गोठणाऱ्या पावसाआधी आणा, नंतर दुकानात सापडत नाहीत. कोटाला चमकणारी परावर्तक पट्टी लटकवा. अंधारात गाडीवाल्याला तुम्ही तिच्यामुळेच दिसता. आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडा, दहा मिनिटं का होईना.

## ९. मुलं असतील तर

बालवाडीत, म्हणजे ‘बार्नेहागे’त, मुलं पावसात आणि बर्फातही रोज बाहेर खेळतात. तान्ही बाळं ढकलगाडीत उघड्यावर झोपतात. ‘सर्दी होईल’ म्हणून घरात ठेवा असं सांगू नका, कुणी ऐकणार नाही. त्याऐवजी लोकरीचे आतले कपडे दोन जोड, पावसाळी सूट आणि प्रत्येक मोज्यावर नाव, एवढं द्या. शाळा मूल सहा वर्षांचं होतं त्या वर्षी सुरू होते आणि सातवीपर्यंत गुण नसतात. आजी फोनवर ‘कितवा नंबर आला’ विचारते तेव्हा काय सांगायचं ते ठरवून ठेवा.

मुलावर हात उगारणं गुन्हा आहे. १९८७ पासून कायद्याने बंदी आहे, आणि हलकी चापट किंवा कान पिळणंही त्यात येतं. शिक्षकांना शंका आली तर बालकल्याण खात्याला, ‘बार्नेवार्न’ला, कळवणं त्यांच्यावर बंधनकारक असतं. २०११ साली स्टावांगरमध्ये एका भारतीय जोडप्याची मुलं ताब्यात घेतली गेली, ते प्रकरण दिल्लीपर्यंत गाजलं. तेव्हापासून आपल्याकडे या खात्याची दहशत आहे. घाबरून बालवाडीशी बोलणं टाळणं हा मात्र उलटा मार्ग. हाताने भरवणं, आईजवळ झोपवणं, आजी सहा महिने राहायला येणं, हे सगळं शिक्षकांना आपणहून सांगा. बोलणारे पालक त्यांना आवडतात.

## १०. भाषा

सगळे उत्तम इंग्रजी बोलतात, म्हणून शिकणं लांबणीवर पडतं. लांबवू नका. डब्याच्या टेबलावर तुम्ही आलात की सगळे इंग्रजीत वळतात आणि पाच मिनिटांत पुन्हा नॉर्वेजियनमध्ये घसरतात. वर्गात बुकमोल, म्हणजे लिखित नॉर्वेजियनचं एक प्रमाण रूप, शिकाल आणि बर्गनला उतरल्यावर काहीच कळणार नाही. बोली गावागणिक बदलते आणि प्रत्येकजण आपलीच बोली अभिमानाने बोलतो, मंत्रीसुद्धा. वाचनालयांत ‘स्प्रोककाफे’ भरतात. तिथे निवृत्त आजी-आजोबा नवख्यांशी फुकट बोलायला बसतात. वर्गापेक्षा मला तेच जास्त उपयोगी वाटतं.

## ११. वर्षाचं वेळापत्रक

६ फेब्रुवारी, उत्तरेतल्या मूळनिवासी सामी लोकांचा राष्ट्रीय दिन. १९१७ साली याच दिवशी ट्रोन्हाइमला त्यांची पहिली मोठी सभा भरली होती. शहरांत झेंडे आणि रेनडिअरचं मांस, उत्तरेत खरा सोहळा.

ईस्टर. शहर ओस पडतं, सगळे हित्तेवर. सहकाऱ्याने बोलावलं तर नक्की जा. पाणी बाहेरून आणावं लागेल, संडास अंगणात असेल, आणि यजमानाला त्याचाच अभिमान असेल. चादर आपली न्या, एका जेवणाची जबाबदारी आपणहून घ्या (पिठलं-भात चालतो, तिखट कमी), आणि पाहुण्यांच्या वहीत दोन ओळी लिहा.

१७ मे. १८१४ साली आइद्सवोलला संविधान झालं, त्याचा दिवस. संचलन सैन्याचं नसून शाळकरी मुलांचं. ओस्लोत मुलं राजवाड्यासमोरून जातात आणि राजघराणं सज्जातून हात हलवतं. लोक आपापल्या खोऱ्याचा पारंपरिक पोशाख, ‘बुनाड’, घालतात, त्याची किंमत ऐकून पैठणी स्वस्त वाटेल. तुम्ही पैठणी किंवा सदरा घाला, कौतुक होतं. जीन्स मात्र नको. मुलांना आइस्क्रीम किती, यावर त्या दिवशी मर्यादा नसते.

जुलै. अर्धा देश तीन-चार आठवडे सुट्टीवर. प्लंबर मिळत नाही, ईमेलला उत्तर येत नाही. फिरायला हीच वेळ. १९०९ पासून धावणाऱ्या ओस्लो-बर्गन रेल्वेची तिकिटं लवकर काढली तर बरीच स्वस्त पडतात.

डिसेंबर. ऑफिसचं ‘युलेबुर्द’ म्हणजे नाताळाचं जेवण, शाकाहाराचं आधी कळवा. २४ तारखेला संध्याकाळी पाचला चर्चच्या घंटा वाजतात आणि सगळं बंद. त्या आधी दूध-भाजी घरात असू द्या.

आणि परवान्याचं नूतनीकरण. मुदत संपायच्या किमान महिनाभर आधी अर्ज गेला पाहिजे, म्हणजे निर्णय येईपर्यंत तुमचे हक्क चालू राहतात. मुदत ऑगस्ट-सप्टेंबरची असेल तर पोलिसांकडची भेटीची वेळ मे महिन्यातच घेऊन ठेवा.